खेळांच्या पेठेतील मक्ता

दुकान म्हटले की फळ्या, कपाटे आणि गल्ल्यावर बसलेला मालक असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आज ज्या दुकानांविषयी बोलावयाचे आहे त्यांत ह्यांपैकी काहीही नाही. संगणकावर खेळावयाचे व्हिडिओ गेम इंटरनेटवरून उतरवून देणारी ही दुकाने. त्यांतील माल कधी संपत नाही, त्यांना वखार लागत नाही, आणि एका दुकानातून उठून दुसऱ्यात जावयास गिऱ्हाइकाला खुर्चीवरून हलावेही लागत नाही. अशा पेठेत चढाओढ तीव्र असेल आणि मक्तेदारी फार दिवस टिकणार नाही, असे अर्थशास्त्राचा नवशिका विद्यार्थीही सांगेल. प्रत्यक्षात घडले ते उलटे. ह्या पेठेत एक दुकान अतिशय मोठे झाले. आणि त्याला आव्हान देणाऱ्या दुसऱ्या दुकानाने जेव्हा 'हा माल केवळ आमच्याकडेच मिळेल' असे करार करावयास आरंभ केला, तेव्हा मोठ्या दुकानाची बाजू घेऊन भांडावयास उभे राहिले ते गिऱ्हाईकच. चढाओढीने ज्याचा लाभ व्हावयाचा तोच चढाओढीवर का संतापला, हे कोडे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

१९७० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणी-संचाला जोडून घरी खेळावयाची यंत्रे अमेरिकेत लोकप्रिय झाली. अटारी ही त्यांतील अग्रगण्य कंपनी. यंत्र तिचे आणि त्यावरील खेळही तिचेच, असा प्रारंभीचा व्यवहार होता. १९७९ मध्ये तिच्याच नोकरीतील चार कुशल रचनाकार बाहेर पडले आणि ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी करून त्यांनी अटारीच्या यंत्रासाठी आपले खेळ स्वतंत्रपणे विकावयास घेतले. अटारीने दावा लावला. तो १९८२ मध्ये तडजोडीने मिटला. यंत्राचे दार आता उघडे पडले होते. त्या दारातून चांगले खेळ आले तसे टाकाऊ खेळही लोंढ्याने आले, दुकानांत न खपलेल्या मालाचे ढीग साचले, आणि १९८३ मध्ये तो सारा बाजार कोसळला.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ह्या पडझडीचा जो अर्थ लावला तो असा की दार उघडे राहिले हाच अपराध. १९८५ मध्ये तिने आपले यंत्र अमेरिकेत आणले तेव्हा त्याला अक्षरशः कुलूप बसविलेले होते. यंत्रात एक चिप होती आणि प्रत्येक खेळाच्या पेटीत तिची जोडीदार. ह्या पेट्यांना आपल्याकडील मुले पुढे 'कॅसेट' म्हणू लागली. दोन्ही चिपांची खूण पटली तरच खेळ सुरू होई. न पटली तर यंत्र पुन्हापुन्हा बंद होऊन चालू होत राही. ही जोडीदार चिप केवळ निन्टेन्डोकडे. तेव्हा ज्याला खेळ विकावयाचा असेल त्याने तिचा परवाना घ्यावयाचा, कॅसेटी तिच्याकडूनच आगाऊ पैसे भरून तयार करून घ्यावयाच्या, वर्षाला पाचांहून अधिक खेळ काढावयाचे नाहीत, आणि एकदा तिच्या यंत्रावर आलेला खेळ दोन वर्षे इतर कोणत्याही यंत्रावर द्यावयाचा नाही. परवाने, शुल्के आणि अटी ह्यांच्यातच ज्यांचा दिवस जातो अशा माझ्यासारख्या माणसालाही ह्या कलमांच्या चिरेबंदी रचनेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

अटारी गेम्स ह्या कंपनीने हे कुलूप फोडण्याचा घाट घातला. चिपमधील गुपित हाती येईना, तेव्हा तिने अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीत अर्ज करून, न्यायालयात चालू असलेल्या दाव्यासाठी प्रत हवी आहे असे कारण दाखविले आणि निन्टेन्डोने तेथे नोंदविलेल्या आज्ञावलीची प्रत मिळविली. असा कोणताही दावा तेव्हा चालू नव्हता! १९९२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निन्टेन्डोच्या बाजूने दिलेला मनाईहुकूम कायम केला तो ह्या लबाडीची नोंद घेऊनच. दुसरीकडे निन्टेन्डोवरही सरकारी चौकशीचा दाब वाढत होता. दुकानदारांवर किमतीची सक्ती केल्याच्या प्रकरणात १९९१ मध्ये तिने तडजोड केली आणि गिऱ्हाइकांना भरपाई म्हणून पाच-पाच डॉलरांच्या पावत्या देण्याचे मान्य केले. ह्या पावत्या वटवावयाच्या त्या निन्टेन्डोचीच आणखी एक कॅसेट विकत घेताना.

संगणकावरील खेळांचा संसार मात्र ह्याहून निराळा होता. संगणक कोणा एका खेळ-कंपनीचा नव्हता आणि त्याला असे कुलूप नव्हते. १९९१ मध्ये मेरीलँडमधील पोटोमॅक ह्या गावी टिम स्वीनी नावाच्या तरुणाने 'झेडझेडटी' हा साधा, अक्षरांनी रेखाटलेला खेळ रचला. त्याचा पहिला भाग फुकट वाटावयाचा आणि पुढील भाग हवे असणाऱ्यांनी आईवडिलांच्या घराच्या पत्त्यावर पैसे पाठवून टपालाने मागवावयाचे, अशी त्याची विक्री होती. मध्ये प्रकाशक नाही, अडत्या नाही, दुकान नाही. ह्याच उद्योगातून पुढे एपिक ही कंपनी झाली. ह्या तरुणाचे नाव श्रोत्यांनी स्मरणात ठेवावे. तो ह्या कथेत पुन्हा येणार आहे.

आता मोठ्या दुकानाकडे वळू. मायक्रोसॉफ्टची नोकरी सोडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन ह्या दोघांनी १९९६ मध्ये व्हॉल्व्ह ही कंपनी काढली. तिचा १९९८ चा 'हाफ-लाइफ' हा खेळ गाजला. खेळांत वारंवार कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या सर्व खेळाडूंपर्यंत एकाच वेळी पोचविता याव्यात म्हणून तिने 'स्टीम' ही यंत्रणा तयार केली आणि १२ सप्टेंबर २००३ रोजी ती सुरू केली. प्रारंभी ते दुकान नव्हतेच. ती एक सोय होती, आणि तीही खेळाडूंना नको असलेली. तेव्हाचे इंटरनेट मंद, यंत्रणा कच्ची, आणि विकत घेतलेला खेळ चालविण्यासाठी कंपनीची अनुमती मागावयाची ही कल्पनाच लोकांना अपमानास्पद वाटे.

ती अंगवळणी पडली ती सक्तीने. १६ नोव्हेंबर २००४ रोजी, कित्येक वर्षे ज्याची वाट पाहिली जात होती तो 'हाफ-लाइफ २' प्रसिद्ध झाला. तो दुकानातून खोक्यात आणला तरी स्टीमवर खाते उघडून इंटरनेटवरून त्याची नोंद केल्याशिवाय चालत नसे. पहिल्याच दिवशी ह्या नोंदणीची यंत्रणा गर्दीखाली दबली आणि पैसे मोजून खेळ घरी आणलेली माणसे तो न खेळताच बसून राहिली. तेव्हा जो त्रागा झाला तो आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. पण स्टीमच्या साम्राज्याचा पाया तोच. एक असा खेळ, जो सर्वांनाच हवा आणि जो स्टीमवाचून चालत नाही: ह्याला एकाधिकार म्हणावयाचे नाही तर दुसरे काय म्हणावयाचे?

ऑक्टोबर २००५ मध्ये दुसऱ्याने रचलेला पहिला खेळ स्टीमवर विक्रीस आला आणि सोयीचे दुकान झाले. विक्रीच्या ३० टक्के रक्कम दुकानाची, उरलेली खेळ आणणाऱ्याची, असा सामान्य प्रघात पडला. आज ही अडत जबर वाटते. परंतु खोकी, तबकड्या, वाहतूक आणि परत येणारा न खपलेला माल ह्यांचा खर्च सोसून जुन्या दुकानदारीत रचनाकाराच्या हाती जे पडे, त्याच्या मानाने ती तेव्हा उदार वाटली, हे विसरून चालणार नाही. मोठमोठ्या सवलतींचे हंगामी विक्रीमेळे, मित्रमंडळींची यादी, गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय, २०१५ पासून दोन तासांहून कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांत परत करण्याची मुभा असे एकेक लोणी स्टीमने आपल्या गिऱ्हाइकांना चाटविले. ह्यांतले शेवटचे मात्र केवळ औदार्याने आले असे मानू नये. परताव्याविषयीच्या ग्राहक-हक्कांबाबत ऑस्ट्रेलियाच्या ग्राहकसंरक्षण आयोगाने तिच्यावर आधीच दावा लावलेला होता, आणि त्यात पुढे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड झाला.

प्रतिस्पर्धी झाले नाहीत असे नव्हे. सीडी प्रोजेक्ट ह्या पोलंडमधील कंपनीने २००८ मध्ये 'गॉग' हे दुकान काढले. त्याचे वैशिष्ट्य असे की तेथून घेतलेल्या खेळाला कोणतेही कुलूप नसे, तो उतरवून घेतला की आपल्यापाशीच राही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या बलाढ्य प्रकाशकाने २०११ मध्ये 'ओरिजिन' हे स्वतःचे दुकान थाटले आणि आपला 'बॅटलफील्ड ३' स्टीमवर येऊच दिला नाही. युबिसॉफ्टनेही तेच केले. मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोजमध्येच दुकान बसविले. ही दुकाने ओस पडली नाहीत, पण पेठही त्यांच्याकडे वळली नाही. मायक्रोसॉफ्ट आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स २०१९ मध्ये, आणि युबिसॉफ्ट २०२२ च्या अखेरीस, आपापले नवे खेळ घेऊन मुकाट्याने स्टीमच्या दारी परतले. ज्याचा त्याचा माल ज्याच्या त्याच्या दुकानात, एवढ्यापुरता तो एकाधिकार असल्याने त्याचा फारसा गवगवा झाला नाही.

गवगवा झाला तो एपिकमुळे. २०१७ मध्ये आलेल्या 'फोर्टनाइट'ने ह्या कंपनीला अमाप पैसा मिळवून दिला होता. ६ डिसेंबर २०१८ रोजी तिने आपले दुकान उघडले आणि ३० ऐवजी १२ टक्केच अडत घेण्याचे जाहीर केले. काही दिवस आधीच व्हॉल्व्हने मोठ्या विक्रीच्या खेळांपुरता आपला वाटा २५ आणि २० टक्क्यांपर्यंत उतरविला होता. ज्यांची विक्री एक कोटी डॉलरांच्या पलीकडे जाते त्यांनाच ही सूट, लहान रचनाकार होता तेथेच. एपिकचे गणित सरळ होते. तीस आणि बारा ह्यांतील फरक पाहून खेळ रचणारे आपल्याकडे येतील. पण गिऱ्हाइकाचे काय? वाचलेली अडत किमतीत क्वचितच उतरली. खेळ जेथे साठ डॉलरांना मिळे तेथे तो बहुधा साठांनाच राहिला. मग गिऱ्हाइकाने आपले घर सोडून नव्या दुकानात का यावे? ह्या प्रश्नाला एपिकने दोन उत्तरे शोधली: नेमाने फुकट खेळ वाटणे, आणि नवे खेळ ठराविक काळापुरते विकत बांधून घेणे.

पहिली ठिणगी पडली ती 'मेट्रो एक्झोडस'वर. मूळच्या युक्रेनच्या रचनाकारांचा हा खेळ १५ फेब्रुवारी २०१९ रोजी यावयाचा होता आणि स्टीमवर त्याची आगाऊ विक्री चालू होती. २८ जानेवारीला, म्हणजे अवघे अठरा दिवस आधी, तो वर्षभर केवळ एपिककडेच मिळेल असे जाहीर झाले. आगाऊ पैसे भरलेल्यांना स्टीमवरच खेळ मिळाला. तरीही स्टीमने आपल्या पानावर हा निर्णय गिऱ्हाइकांना अन्यायकारक असल्याची टीप लावली आणि लोकांनी त्याच मालिकेच्या जुन्या, निरपराध खेळांवर वाईट अभिप्रायांचा वर्षाव केला. मार्चमध्ये 'फिनिक्स पॉइंट' ह्या खेळाचे तसेच झाले, आणि तेथील राग मला अधिक रास्त वाटतो. कारण तो खेळ सामान्य खेळाडूंच्या वर्गणीतून उभा राहत होता आणि वर्गणीदारांना स्टीमची प्रत देण्याचे वचन दिलेले होते. रचनाकारांनी पैसे परत देऊ केले, पण विश्वास परत देता येत नाही. त्याच उन्हाळ्यात 'ऊब्लेट्स' नावाचा बालसुलभ खेळ रचणाऱ्या दोघाजणांच्या चिमुकल्या कंपनीने एपिकशी करार केल्याचे थट्टेच्या सुरात जाहीर केले, आणि त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. एक खेळ एका दुकानाऐवजी दुसऱ्या दुकानात मिळणार, एवढ्यावरून!

स्वीनी ह्यांची भूमिका अशी की स्टीमसारख्या बस्तान बसलेल्या दुकानाला केवळ कमी अडतीने वा चांगल्या सोयींनी हलविता येत नाही. मालाचा एकाधिकार हाच एक उपाय उरतो. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितले की स्टीमने कायमचा ८८ टक्के वाटा रचनाकारांना दिला तर आपण हे करार थांबवू. स्टीमने ते मनावर घेतले नाही. ह्या युक्तिवादातील सत्य नाकारता येत नाही. पण ज्या दुकानात एका वेळी अनेक वस्तू घ्यावयाची टोपली २०२१ च्या अखेरीपर्यंत नव्हती, त्याने सोयींचा उपाय करून पाहिला आणि तो फसला असे म्हणणे धाडसाचेच आहे.

मग पंधरा वर्षांपूर्वी ज्या सक्तीला शिव्या दिल्या त्याच स्टीमसाठी लोक का भांडले? निष्ठा, सवय, मत्सर अशी अनेक कारणे सांगितली जातात. माझ्या मते खरे कारण त्यांच्या कपाटात आहे. स्टीमवर दहा-पंधरा वर्षे खेळ घेत आलेल्या माणसाच्या खात्यात शेकडो खेळ साठलेले असतात, आणि ते तेथून हलविता येत नाहीत. पुस्तके घेऊन दुसऱ्या घरी राहावयास जाता येते. येथे कपाट दुकानदाराच्या भिंतीत चिणलेले आहे. किंबहुना तो खेळ गिऱ्हाइकाच्या मालकीचाही नसतो. कराराप्रमाणे त्याला मिळतो तो वापराचा परवाना. ते खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये ह्याविषयी कायदा केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून स्टीमवर पैसे भरण्याच्या जागी, आपण घेत आहात तो परवाना आहे, अशी सूचना दिसू लागली. निन्टेन्डोचे कुलूप यंत्राला होते आणि ते रचनाकाराला बाहेर ठेवी. हे नवे कुलूप गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या संचयाचे आहे आणि ते त्याला आत ठेवते. एपिकच्या करारांनी त्याला प्रथमच जाणवले की आपला संसार दोन घरांत विभागला जाणार. त्याला राग आला तो हे जाणवून देणाऱ्याचा, कुलूप लावणाऱ्याचा नव्हे.

ह्या लढाईचा खर्च किती झाला हे एरवी कळले नसते. परंतु १३ ऑगस्ट २०२० रोजी एपिकने मोबाइल फोनवरील ३० टक्क्यांच्या वाट्यावरून ॲपलवर दावा लावला आणि २०२१ मधील सुनावणीत एपिकचीच कागदपत्रे उघडी पडली. 'बॉर्डरलँड्स ३' हा खेळ सहा महिने बांधून घेण्यासाठी आठ कोटी डॉलरांच्या किमान विक्रीची हमी दिलेली होती. पहिल्या नऊ-दहा महिन्यांत वाटलेल्या ३८ फुकट खेळांवर सुमारे एक कोटी सोळा लाख डॉलर खर्चून सुमारे पन्नास लाख नवी खाती मिळविली होती. खाती मिळाली; ती खाती उघडणारी माणसे फुकट खेळ घेऊन पुन्हा स्टीमवर गेली की काय, अशी शंका घेण्यास आकडे वाव देतात. २०१९ मध्ये एपिकच्या दुकानात इतरांच्या खेळांवर गिऱ्हाइकांनी सुमारे २५ कोटी डॉलर खर्च केले होते, आणि २०२४ मध्येही तो आकडा तेवढाच होता. मधल्या काळात, २०२३ मध्ये, दुकान अद्याप फायद्यात नसल्याचे कंपनीने न्यायालयातच सांगितले.

तरीही हे सारे व्यर्थ गेले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. 'हेडीस' हा उत्कृष्ट खेळ अपुऱ्या स्थितीत असताना एपिकच्या दुकानात वर्षभर वाढला. फिनलंडच्या रेमेडी ह्या संस्थेचा 'ॲलन वेक २' एपिकच्या पैशावर उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो आला, आणि मूळ खर्च भरून निघून रचनाकारांना रॉयल्टी मिळू लागल्याचे २०२५ च्या प्रारंभी जाहीर झाले. जो खेळ अन्यथा झालाच नसता तो एका दुकानाने करवून घेऊन आपल्याकडे ठेवणे, आणि तयार खेळ दुसऱ्याच्या फळीवरून उचलून आणणे, ह्यांत मला मोठा भेद दिसतो. त्या वादात दोन्ही पक्षांनी तो पाहिला नाही. स्टीमवरही आता प्रश्न विचारले जात आहेत. इतरत्र स्वस्त विकू नये असा दबाव ती रचनाकारांवर आणते, असा आरोप करणारा २०२१ चा दावा नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्व रचनाकारांच्या वतीने चालविण्यास सिएटलच्या न्यायालयाने मान्यता दिली.

आपल्या देशाचा ह्या प्रकरणाशी संबंध दुरून आला, पण आला. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती दिसू लागल्या आणि महानगरांबाहेरच्या मुलांनाही ते दुकान परवडू लागले. मोबाइलच्या दुकानातील सक्तीच्या देयक-पद्धतीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आला, पण तत्त्वाचा प्रश्न उभा राहिलाच. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या लहान संस्थेने, स्वीनी ह्यांच्याच कंपनीचे 'अनरियल' हे साधन वापरून, 'राजी' हा प्राचीन भारतीय वातावरणाचा खेळ रचला. २०१७ मध्ये त्यासाठी मागितलेली वर्गणी पुरी पडली नव्हती. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो प्रथम आला तो निन्टेन्डोच्या यंत्रावर, काही काळापुरता केवळ तेथेच. आणि संगणकावर पुण्याचा खेळ पाहू इच्छिणाऱ्या पुणेकरालाही त्यासाठी १५ ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली.